आडवा पळणारा तोआला

सोमवार, ६ फेब्रुवारी

लोसाच्या पोटातला तोआला पुन्हा जागेवरून सुटलाय. पुन्हा! काल रविवार म्हणून हात लावला नाही, आणि आज सकाळी बघते तर बेंबीच्या डावीकडे चार बोटं सरकून बसलाय, मोसंब्याएवढा. शनिवारी मी स्वतः तेल लावून, दोन्ही अंगठ्यांनी रेटून जागेवर बसवला होता. आईच्या हाताखाली शिकले, चाळीस वर्षं गावातल्या निम्म्या पोटांचे तोआला मी बसवलेत. घाबरलेल्यांचे, उपाशी राहणाऱ्यांचे, नारळाच्या गोण्या उचलून कंबरडं मोडून घेतलेल्यांचे. दोनदा, फार तर तीनदा चोळलं की बेंबीखाली आपल्या घरी जाऊन गुमान ठोके देत पडतो. आणि माझ्याच पोटच्या पोरीचा ऐकायला तयार नाही!

म्हणून ही वही काढली. एकतीस वर्षं शाळेत पोरांची हजेरी मांडली, आता ह्याची मांडते. बघूच किती दिवस गैरहजर राहतो.

लोसा छताकडे बघत पडून होती. "झालं का आई?" "झालं. बसला बघ जागेवर." उठली आणि सरळ परसात निघून गेली, वळूनसुद्धा बघितलं नाही. सौलो दारातच उभा होता. सौलो म्हणजे तिचा नवरा. गावची बस चालवतो आणि लग्न झाल्यापासून पाच वर्षं आमच्याच घरात राहतो.

"रोज बसतो, रोज उठतो," तो म्हणाला. "एकदा डॉक्टरला दाखवलं तर?"

"कोको झाला का सौलो?" मी म्हटलं. घरजावयानं चूल बघावी. पोटाचं आम्ही बघतो.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

सोमवारपासून चारदा बसवला, चारदा उठला. वैताग आलाय नुसता. हाताची बोटं वळत नाहीत माझी.

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज पाळकीणबाई आल्या. चर्चमधल्या बायकांच्या चटया विणायचं ठरवायला म्हणून आल्या आणि लोसाच्या पोटाकडे बघत बसल्या. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "फुआतिनो, लबाड कुठली! इतकी गोड बातमी लपवून ठेवलीस होय गं?"

लोसा चटईची पानं सोलत होती. तिचा हात थांबला. पाच वर्षं झाली लग्नाला, आणि ह्या गावात कुणाच्या घरी पाळणा हलण्याची बातमी असली तर ती आधी पाळकीणबाईंना कळते आणि मग बाईला स्वतःला.

"तसं काही नाहीये," मी म्हटलं. "तोआला हललाय तिचा."

"अगं बाई, तोआला इतका पुढे येतो का?"

"येतो कधी कधी." काय सांगू आणखी? चाळीस वर्षांत इतका पुढे आलेला मीही बघितला नव्हता. पण ते त्यांना कशाला सांगा! त्यांच्या पोटात काही राहत नाही.

त्या गेल्यावर लोसा जेवायला बसली नाही. हल्ली जेवणाची नाटकंच आहेत तिची. अर्धा तारोचा कंद खाते आणि उरलेला डुकरांना टाकते. मला दिसत नाही असं तिला वाटतं. न जेवणाऱ्याचाच तोआला पळतो, शंभर वेळा सांगून झालं. झाडाआड जाऊन ओकारी काढते ते वेगळंच. मी म्हटलं, "एवढीशी तर खातेस, त्यातलंही बाहेर टाकतेस, मग तुझ्या आत राहणार काय?" तर म्हणाली, "तू कर ना तुझं काम आई. चोळ." म्हणून चोळलं.

शुक्रवार, ३ मार्च

आज एक गंमत लक्षात आली. गंमत कसली, डोकेदुखी.

तोआला पळतो तो वर-खाली. छातीकडे चढतो, नाहीतर खाली ओटीपोटात दडतो. आईनं मला हेच शिकवलं, आणि मी बघितलेले सगळे तसेच पळायचे. लोसाचा मात्र आडवा पळतो! डावीकडून ढकलला की अलगद उजवीकडे जातो, उजवीकडून ढकलला की डावीकडे. पण वर ढकला, खाली ढकला, तसूभर हलत नाही. जणू कुणी धरून ठेवलाय. हाताला गुळगुळीत लागतो, भरलेल्या पिशवीसारखा. आणि ठोका नाही त्याला. मी पाच मिनिटं बोटं टेकवून बसले. ठोका लागला तो खालून, दुसऱ्याच कशाचा तरी.

आई असती तर विचारलं असतं. आता विचारायचं कुणाला? ह्या किनाऱ्यावर माझ्याहून जाणती उरलीय कोण?

लोसा लहानपणापासून आडमुठी, तिचा तोआलाही तिच्याच वळणावर गेला. दुसरं काय!

मंगळवार, १४ मार्च

सौलोनं बसचा कुठलासा भाग आपियाहून आणायचा म्हणून सुट्टी टाकली आणि लोसाही त्याच्याबरोबर बोटीनं गेली. मी म्हटलं, बसच्या भागाला बायको कशाला लागते? म्हणाली, जरा बाजार बघते.

संध्याकाळच्या बोटीनं परत आली. बाजारातून काहीही आणलं नव्हतं, साधा पाव नाही. डोळे लाल. नक्की भांडली असणार दोघं. ब्लाऊजवर पोटापाशी काहीतरी चिकट, चकचकीत, वाळलेलं. खाताना सांडून घेतलं असेल. तीस वर्षांची घोडी झाली आणि अजून अंगावर सांडते! मी रागावले तर ब्लाऊज काढून स्वतःच धुवायला बसली, आणि किती वेळ तो एकच डाग घासत होती.

सौलोला विचारलं, मिळाला का भाग? तर म्हणाला, "कसला भाग?"

मंगळवार, २८ मार्च

आज घरात महाभारत झालं. 

मी लोसाला चोळायला घेतलं होतं. आता मोसंबं कसलं, कोवळ्या शहाळ्याएवढा झालाय. सौलो आला, त्यानं तेलाची बाटली उचलली आणि खिडकीतून बाहेर फेकली. माझ्या डोळ्यांदेखत! मग शर्टातून एक कागद काढून माझ्यासमोर आपटला. त्या दिवशी आपियाला जाऊन खाजगी दवाखान्यात पोटाचा फोटो काढून आले होते दोघं. माझ्या पाठीमागे. त्यात लिहिलंय, अंडाशयावर पाण्याची गाठ असावी, ऑपरेशन करून काढावी लागेल.

"दोन आठवडे हा कागद खिशात घेऊन हिंडतोय मी," सौलो म्हणाला. "ही म्हणते आईला सांगू नको, आईला वाईट वाटेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ही मरेल का?"

"तोआलाला चाकू लावला की माणूस जातं," मी म्हटलं. "माझ्या मावशीला सुई टोचली, तिसऱ्या दिवशी गेली. मी डोळ्यांनी बघितलंय."

"हा तोआला नाहीये!"

"आणि अंडाशयही नाहीये! अंडाशयाचं दुखणं खालून वर येतं, त्याचं मूळ खाली असतं. ह्याला खाली मूळच नाही. माझी बोटं त्याच्या खालून फिरतात, कळलं?"

"तुमची बोटं काय फोटो काढतात का?"

"फोटोपेक्षा बरी आहेत! चाळीस वर्षांत एकदा तरी चुकली असतील तर सांग."

मग दोघंही लोसाकडे बघायला लागलो. ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. हळू आवाजात म्हणाली, "तिथली बाई म्हणाली, कापल्यावरच कळेल एक काढायचं की दोन्ही. दोन्ही काढली तर मूल होणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुझा हात नक्की सांगतो ना, अंडाशय नाही म्हणून?"

"नक्की."

"मग आईकडेच करू, सौलो."

सौलो बाहेर गेला आणि बसचं पुढचं चाक काढून बसला, त्याला काहीही झालेलं नसताना. मी जिंकले. पण जिंकल्यासारखं काही वाटेना, आणि त्याचाच राग येतोय.

सोमवार, ३ एप्रिल

आज मी आईची जुनी रीत काढली. आई ती क्वचितच वापरायची, हट्टी तोआलासाठी. बाजूला गुडघे टेकायचे, कोपर ताठ करायचं, तळहाताच्या टाचेवर सगळं अंग तोलायचं आणि गोल गोल रेटायचं. अर्धा तास लागला. घामानं माझा झगा पाठीला चिकटला.

लोसा शहाण्यासारखी पडून राहिली. चादरीचा कोपरा दातात धरला होता, पण हूं नाही की चूं नाही. शेवटी तो बरोबर मधोमध आला, बेंबीखाली. मी हातच जोडले देवाला. म्हटलं, "लोसा, बसला! ह्या वेळी पक्का बसला!"

ती हसली. म्हणाली, "हो आई, कळलं मला."

किती दिवसांनी मनासारखं झालं! रात्रीच्या जेवणाला मी पिसुपोचा, खारवलेल्या गोमांसाचा, डबा फोडला. लोसा म्हणाली, मला आता पडू दे जरा.

गुरुवार, ६ एप्रिल

आपियाच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन इथं, म्हणून लिहितेय.

सकाळी लोसा विहिरीपाशी वाकली आणि तशीच खाली बसली. हाक मारली तर बोलेना. पोट फळीसारखं टणक, ओठ पांढरे, हिरवी ओकारी. सौलोची बस नुकतीच गावाच्या टोकाला भरत होती. तो धावत आला, तिला उचललं आणि बसच्या बाकावर आडवी घातली. बसमधल्या एकाही माणसाला उतरवलं नाही, एकाही थांब्यावर थांबला नाही. शाळेची मास्तरीण, कोंबड्या घेतलेली म्हातारी, सगळ्यांना घेऊन सरळ बोटीच्या धक्क्यावर. कुणी तक्रार केली नाही. म्हातारीनं लोसाचं डोकं मांडीवर घेतलं. मी पायाशी बसले होते आणि सौलोनं आरशातून माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

डॉक्टर नोआ म्हणून आहेत, कापाकापीचे. वय चाळिशीचं, बोलणं तुटक. दवाखान्याचा कागद वाचून नर्सला म्हणाले, "अंडाशयाची गाठ, पीळ पडलेला दिसतोय. तयारी करा."

मला राहवेना. "अंडाशय नाही ते."

"बाई, तुम्ही बाहेर बसा."

"बसते. आधी तुमचा हात द्या." आणि मी धरलाच त्यांचा हात. मास्तरकीची सवय आहे ती, पोराचा हात धरून अक्षर गिरवायची. लोसाच्या पोटावर ठेवला. "हलक्यानं. इथून असा ढकला. गेला ना तिकडे? आता असा. आला ना? आता वर ढकला. जातो का? खाली? फेब्रुवारीपासून असाच पळतो. आडवा."

 डॉक्टरांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच पुन्हा करून बघितलं, सावकाश. "आतड्याच्या पडद्यातली असेल," ते नर्सला म्हणाले. "छेद वरून घेऊ. आतडं जोडायची तयारी ठेवा." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला कळलं."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "कुणी पोट चोळलं होतं का? दाबलं होतं का जोरात?"

मी म्हटलं, "नाही."

सौलो शेजारीच उभा होता.

शुक्रवार, ७ एप्रिल

लोसा वाचली. देवा, वाचली.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. आपलं आतडं एका पातळ पडद्यानं पाठीला लटकलेलं असतं, त्या पडद्यात ही पिशवी वाढली होती. पडदा ज्या बाजूला झुलतो त्याच बाजूला ती हलते, म्हणून आडवी. आत नारळाच्या दुधासारखं पांढरं पाणी, आणि त्यात रक्त. दोन बाटल्या निघाल्या. पिशवी आतड्याला इतकी चिकटलेली की हातभर आतडंही कापून जोडावं लागलं. गाठ तशी साधी, वाईटातली नाही, कॅन्सर तर नाहीच. पण लाखात एखाद्याला होते. त्यांच्या सगळ्या नोकरीत ही दुसरीच. अंडाशयं दोन्ही धडधाकट, त्यांना कुणी हातही लावला नाही.

एवढं ऐकलं आणि मी सौलोकडे बघितलं. आता तरी म्हणेल, आई, तुमचा हात खरा. तो जमिनीकडे बघत होता.

"नुसती गाठ असती तर घाई नव्हती," डॉक्टर म्हणाले. "निवांत काढता आली असती, कदाचित आतडंही वाचलं असतं. पण आत रक्तस्राव झाला आणि ती एकदम फुगली. मार लागल्याशिवाय असं सहसा होत नाही."

दुपारी लोसाला शुद्ध आली. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, पोटाला काही लागलं होतं का? नाकात नळी, आवाज फुटत नव्हता. तरी म्हणाली, "पडले. नारळ सोलायच्या खुंटावर पडले, सोमवारी."

सोमवारी! वारसुद्धा बरोबर सांगितला.

मी तिथंच उभी होते. आई म्हणून माझं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्या मी.

सोमवार, १० एप्रिल

 आज गेले डॉक्टरांकडे. ते कागदांवर सह्या करत उभे होते. मी म्हटलं, "ती पडली नाही. मी चोळलं. फेब्रुवारीपासून, रविवार सोडून रोज. आणि तीन तारखेला गुडघ्यावर बसून, सगळा भार टाकून."

"माहीत आहे," ते म्हणाले. मान वर केली नाही. "कातडीवर अंगठ्यांचे निळे डाग होते. दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर. खुंटाला अंगठे नसतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मुलीला नंतर एकटीला विचारलं. म्हणाली, लिहू नका. ती शुद्धीवर होती आणि दुखणं तिचं होतं." सही झाली. "बाई, तुमच्या हातामुळे मी चुकीच्या जागी कापलं नाही. आणि तुमच्या हातामुळेच घाईनं कापावं लागलं. आता हाताला काही लागलं तर पाठवून द्या, बसवत बसू नका." आणि गेले पुढच्या खाटेकडे.

बस्स, एवढंच! मी तीन दिवस शब्द जुळवत होते. म्हटलं होतं चांगला झाडेल मला, चार लोकांत ओरडेल. तेवढाही वेळ नव्हता त्या माणसाला.

शनिवार, २२ एप्रिल

बुधवारी घरी आलो.

सौलो सगळं करतो. भट्टी लावतो, लोसासाठी पातळ पेज करतो, माझंही ताट वाढून आणतो, माझ्यासमोर ठेवतो आणि निघून जातो. पंधरा दिवसांत माझ्याशी दहा शब्द बोलला नसेल. पूर्वी उलट उत्तर द्यायचा तेव्हा तळपायाची आग मस्तकात जायची. आता वाटतं, दे रे बाबा एखादं उलट उत्तर.

तीन बायका पोट धरून येऊन गेल्या. कुणालाच हात लावला नाही. एकीला म्हटलं, हॉस्पिटलात जा, तर तिला धक्काच बसला. म्हणाली, "तुम्हीच असं म्हटल्यावर आम्ही कुणाकडे बघायचं?" गावात बोलतात म्हणे, फुआतिनोचा हात गेला. बोलू देत.

आज दुपारी सौलो बसवर गेल्यावर लोसाशेजारी बसले. टाके काढलेत, वीतभर रेघ आहे बेंबीच्या वरून खाली. मी म्हटलं, "लोसा, तू खुंटावर पडले म्हणून सांगितलंस. का गं?"

"मग काय सांगणार होते?"

"खरं."

तिनं चादर पोटावर ओढून घेतली. मग म्हणाली, "आई, तू चोळायचीस ना, तेव्हा जीव जायचा माझा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "एकदा तरी बोलायचं! तोंड नव्हतं का तुला?"

"तू म्हणायचीस, बसला जागेवर. तुझा चेहरा असा उजळायचा. मला वाटायचं, मलाच कळत नाही. चाळीस वर्षं सगळ्यांचे बसवलेस, सगळे बरे होऊन गेले, म्हणजे माझंच दुखणं खोटं असणार."

मी उठून परसात गेले, उगाच दोन वाळलेली पानं गोळा केली, परत आले. मग ही वही काढून पहिल्यापासून वाचली. पानोपानी काय लिहिलंय? डावीकडे होता, उजवीकडे होता, मोसंब्याएवढा, शहाळ्याएवढा, बसला, उठला. माझी बोटं दुखली तेही लिहिलंय. सगळी वही शोधली. तिला दुखतंय का, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

वही मिटून तिच्याजवळ गेले. हात मागे धरले होते. म्हटलं, "लोसा, दुखतंय का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो आई. खूप दुखतंय." आणि रडायला लागली.